एकाच पंगतीचा ठराव

ठरावकाका पाणी प्यायला उठले तरी आधी तसं जाहीर करून उठत. ऑफिसातल्या मीटिंगांची टिपणं काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे घरातलं साधं कामसुद्धा ‘सर्वानुमते ठरलं’ असं म्हटल्याशिवाय त्यांच्या हातून सुरूच होत नसे. आता घरात मतं मुळात दोनच, आणि दुसऱ्या मताला, म्हणजे काकूंना, मतदानाला कधी सवड नसायची. बिल्डिंगनं त्यांचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना ठरावकाका म्हणत, आणि त्यात काही टिंगल असेल अशी शंका काकांच्या मनाला कधी शिवली नाही.

वर्ष सरत आलं होतं. शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागायची होती आणि सालाबादप्रमाणे सगळं घर गोळा होणार होतं. मुलगा, सून, त्यांची दोन पोरं, लेक, जावई आणि काकांची थोरली बहीण आक्का. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. काका कान टोपीत आणि टोपी पेपरात घालून बसले होते, पण फोन मोठ्या आवाजावर होता.

“आई, यंदा तरी आमच्याबरोबर जेवायला बस हं,” लेक म्हणाली.

काकू हसल्या. “बसेन की गं. आधी तुमचं सगळ्यांचं होऊ दे.”

फोन संपला, काकू आत गेल्या, आणि काकांच्या हातातला पेपर तसाच राहिला. सगळ्यांचं झाल्यावर बरोबर कसं बसणार, हा साधा हिशेब त्यांना आजवर सुचला नव्हता. घरातलं टेबल चार माणसांचं. आधी पोरं आणि पाहुणे, मग पुरुष, मग लेकीसुना. काकू कधी बसतात हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. काकू वाढताना दिसत होत्या, उभ्या दिसत होत्या, ओट्याशी पातेलं कलतं करून त्यातलं खरवडताना दिसत होत्या. ताट समोर घेऊन बसलेल्या काकू काही केल्या डोळ्यांपुढे येईनात. काकांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते ठराव करत.

“ठरलं!” ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले. “यंदा एकच पंगत. सगळे एकदम. आणि तू मध्यभागी.”

“कुठल्या टेबलावर?” काकूंनी कढईतून मान वर न करता विचारलं.

“खाली बसू.”

“या थंडीत? फरशीवर पाय ठेववत नाही. आक्कांचे गुडघे, माझे गुडघे. बसवाल खरं, पण उठवणार कोण?”

“मग मोठं टेबल आणू!” काका म्हणाले. काकूंनी कढईवर झाकण ठेवलं. झाकण ठेवणं म्हणजे चर्चा संपली, हे त्या घरात सगळ्यांना कळत असे. काकांना मात्र ती संमती वाटली.

टेबल त्यांच्या डोक्यात तयारच होतं. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत नवं फर्निचर यायचं होतं आणि जुनं टेबल मोडीत निघालं होतं. ते टेबल म्हणजे प्रकरण होतं. अखंड लाकूड, बारा माणसं आरामात बसतील असा पसारा, आणि मांडवाच्या खांबांसारखे पाय. त्याच्याभोवती साहेब लोक बसायचे आणि काका भिंतीकडेच्या खुर्चीत मांडीवर पॅड ठेवून टिपणं काढायचे. इतक्या वर्षांत त्या टेबलाला काकांचं कोपर कधी लागलं नव्हतं. आता त्याच टेबलाशी आपली बायको ऐटीत बसेल, या कल्पनेनं त्यांना भरून आलं.

मोडीतलं सामान कर्मचाऱ्यांनी न्यायला कुणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती फाटकावर. स्टोअरच्या नोंदीत ते टेबल कुणा महाभागानं कधीकाळी ‘कपाट, लाकडी, मोठे’ असं चढवलं होतं, त्यामुळे गेटपासावरही कपाटच आलं. वॉचमन पास वाचून टेबलाकडे बघत राहिला.

“हे कपाट?”

“आडवं आहे,” काका म्हणाले.

“दारं दाखवा.”

काका आयुष्यात खोटं क्वचित बोलले होते आणि जे बोलले होते तेही असंच पहिल्या प्रश्नाला पकडलं गेलं होतं. ते परत वर गेले. स्टोअरकीपर सुट्टीवर. त्याच्या जागी बसलेला म्हणाला, नोंद बदलायला समिती लागते. समितीतले तिघेही सुट्टीवर. शेवटी काकांनी साहेबांच्या घरी फोन लावला, साहेबांच्या नातीला टेबलाचा सगळा इतिहास सांगितला, कारण फोन तिनंच उचलला होता, आणि मग साहेबांच्या तोंडी हुकमावर पासाच्या पाठीमागे लिहून घेतलं, ‘सदर कपाट हे टेबल आहे.’ वॉचमननं ते दोनदा वाचलं आणि सलाम ठोकला. सलाम कुणाला होता, काकांना की टेबलाला, हे सांगता येत नाही.

इकडे दुसऱ्या मजल्यावरच्या घराची तयारी काकांनी शास्त्रशुद्ध केली होती. आंधळेपणानं सामान आणून दारात रडत बसणाऱ्यांतले ते नव्हते. टेबल त्यांनी ऑफिसातल्या लोखंडी टेपनं मोजलं. मग एका रविवारी काकू देवळात की बाजारात, कुठंतरी गेल्या असताना, त्यांच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्यांनी दार, जिना आणि जिन्याचं वळण मोजलं. आकडे कागदावर मांडले. वळणाशी टेबल फिरवून वर चार इंच जागा उरत होती. “चार इंच म्हणजे चैन आहे,” ते आरशाला म्हणाले.

सेक्रेटरींना मात्र चैन पटली नाही. “काका, जिन्यात कुंडी ठेवायची नाही असा नियम आहे.”

“टेबल कुंडी आहे का?”

“नाही ना. म्हणूनच पंचाईत. कुंडी असती तर सरळ नाही म्हटलं असतं.” सेक्रेटरींनी अर्ज मागितला, अर्जाची एक जास्तीची प्रत मागितली, आणि जिन्याचा रंग उडाला तर काका स्वखर्चानं रंगवतील असं लिहून घेतलं. काकांनी सही ठोकली. चार इंच जागा असताना रंग कशाला उडेल?

तळमजल्यावरचे इंजिनियरसाहेब निवृत्त झाल्यापासून सल्ल्याला भुकेले होते. “बाल्कनीतून दोरानं वर घ्या,” ते म्हणाले. मग बाल्कनीखाली आपलीच नवी काचेची खिडकी आहे हे लक्षात येऊन म्हणाले, “जिनाच बरा. पण पाय काढून घ्या.” पायांचे बोल्ट कुणीतरी रंगाबरोबर रंगवून टाकले होते. पाना लावला की पाना फिरे, बोल्ट नाही. सुतार म्हणाला, नव्या वर्षात बघू. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, “पाय असू द्या. आमची फक्त वहिवाट अडू देऊ नका.” काका हसले. वहिवाट अडायला काय ते हत्ती आणणार होते?

तो दिवस उजाडला. मुलगा-सून-पोरं आणि आक्का आदल्या दिवशीच पोचले होते. काकूंनी सकाळपासून स्वयंपाक रेटला होता. रस्सा झाला, भाज्या झाल्या, गोड झालं, भात चढला. तेवढ्यात लिंबं संपल्याचं लक्षात आलं. “सुनेला पाठव,” आक्का म्हणाल्या. “तिला लिंबं बघून घेता येत नाहीत हो वन्सं,” असं म्हणून काकू स्वतःच शाल गुंडाळून पिशवी घेऊन खाली उतरल्या. आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच टेम्पोतून टेबल आलं.

चार हमाल होते. पहिला मजला त्यांनी झपाट्यात पार केला. पुढे काका उलटे चढत होते, “येऊ द्या, येऊ द्या, चार इंच आहेत,” असं म्हणत. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर हमालांनी दम खायला टेबल पायांवर उभं केलं. दम खाल्ला. फिरवलं. एक कोपरा भिंतीत रुतला, एक पाय कठड्याच्या दोन गजांत जाऊन बसला, आणि टेबल थांबलं. पुढे रेटलं, हललं नाही. मागे ओढलं, हललं नाही. उचललं, तर भिंतीचा रंग तेवढा उचलला गेला.

“उभं करा!” खालून इंजिनियरसाहेब ओरडले.

“ते उभंच आहे!” हमाल म्हणाला.

“मग आडवं करा!”

“वहिवाट!” वरून वकीलसाहेब गरजले. हातात छत्री आणि अंगात कोट घालून ते बाहेर निघाले होते आणि टेबलाच्या वरच्या बाजूला अडकले होते. सेक्रेटरी खालच्या बाजूनं आले, उडालेल्या रंगाकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि अर्जाची जास्तीची प्रत आणायला परत गेले.

घटकाभर झटापट झाल्यावर हमालांच्या म्होरक्यानं मुंडासं सोडलं. “काका, आमची जेवायची वेळ झाली. पोटात कावळे ओरडत असताना असलं लाकूड हलत नाही. जेवून येतो, मग पहार लावू.” आणि ते टेबलाखालून सरपटत खाली निघून गेले. काका वरच्या पायरीवर एकटे उरले.

अशा वेळी लेक-जावई आले. जावईबापू कडक इस्त्रीच्या पँटमध्ये होते. टेबलाखालून रांगत ते सासुरवाडीत शिरले आणि पलीकडे निघाल्यावर पहिला नमस्कार त्यांनी त्याच अवस्थेत, गुडघ्यांवरूनच केला. “असू दे, असू दे,” काका म्हणाले. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण धरणीलाही तिथवर यायला टेबल आडवं होतं.

आणि मग काकू आल्या. हातात लिंबांची पिशवी. त्यांनी टेबलाकडे बघितलं, टेबलापलीकडे पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या घराकडे बघितलं.

“मी वर कशी येऊ?”

रांगायचं तर गुडघे. वरून यायचं तर काही विचारायलाच नको.

“हिशेब बरोबर आहे!” काका एकदम उसळून म्हणाले. त्यांनी खिशातला कागद काढला. “दोनदा मोजलंय. चार इंच उरायलाच पाहिजेत. जिन्यातच काहीतरी खोट आहे!”

“कुठल्या टेपनं मोजलंत?” काकूंनी विचारलं.

“तुझ्याच. डब्यातल्या.”

काकूंनी पिशवी हळूच खाली ठेवली. “अहो, ती टेप सहापासून सुरू होते.”

“म्हणजे?”

“पुढचा तुकडा मशीनमध्ये सापडून फाटला होता. मग कापूनच टाकला. मी नेहमी सहा वजा करते.”

“हो बाबा,” लेक म्हणाली. “माझे सगळे फ्रॉक सहा वजा करूनच शिवलेत.”

“मलासुद्धा लग्न होऊन आल्या आल्याच सांगितलं होतं,” सून पुटपुटली.

“अरे, मला ठाऊक आहे,” आक्का कानटोपीतून म्हणाल्या, “आणि मी तर वर्षातून एकदा येते.”

काका कागदाकडे बघत राहिले. चार इंच शिल्लक नव्हते, दोन इंच कमी होते. टेप सुरुवातीपासून सुरू व्हावी, एवढीच त्या गरीब माणसाची अपेक्षा होती. पण त्या डब्याचं झाकण त्यांनी जन्मात पहिल्यांदा उघडलं होतं, आणि त्या घरात एवढं शिवणटिपण झालं त्यातलं एक बटणसुद्धा आपण कधी पाहिलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांना लाज वाटली. कान गरम झाले, त्या थंडीतही.

“जाऊ दे,” काकू नेहमीच्या सुरात म्हणाल्या. “तुम्ही सगळे वर जाऊन जेवून घ्या. आपलं चौघांचं टेबल आहेच. भात झाला असेल, गॅस बंद करा. मी बसते इथं. माझं काय, मागनं होईल.”

आणि गंमत म्हणजे सगळे निघाले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण ‘माझं मागनं होईल’ हे वाक्य त्या घरानं इतक्यांदा ऐकलं होतं की पाय आपोआप वळले. मुलगा दोन पायऱ्या चढलासुद्धा.

“थांबा!” काका ओरडले. वकीलसाहेबांच्या हातातली छत्री पडली. “एकच पंगत ठरली आहे. एकच होणार. टेबल घरात येत नसेल तर घर टेबलापाशी येईल. कुणी वर जेवायचं नाही. सगळं इथं आणा!”

“जिन्यात?” सून म्हणाली.

“जिन्यात!”

“बाबा, लोक काय म्हणतील?”

“लोकांनी अर्ज करावा. एक प्रत जास्तीची.”

काकांचा तो सूर कुणी आजवर ऐकला नव्हता. सून वर पळाली. मुलानं जुन्या टेबलावरची चादर आणली. वरच्या बाजूच्या पायऱ्या बसायला अशा बेताच्या निघाल्या की जणू त्यासाठीच बांधल्या होत्या. आक्का उशी घेऊन एका पायरीवर, जावईबापू मळलेल्या गुडघ्यांनिशी दुसरीवर, पोरं त्यांच्या शेजारी. खालच्या बाजूला वळणाच्या कोपऱ्यात एका खुर्चीपुरती जागा होती. इंजिनियरसाहेबांनी स्वतःच्या घरातली हातांची खुर्ची आणून तिथं बसवली, “भार मध्यावर ठेवा वहिनी,” असा सल्ला दिला, आणि जेवणाचा वास आल्यावर पायरीवर रेंगाळले.

पातेली आली. काकू सवयीनं वाढायला उठल्या. पोट टेबलाला लागलं. त्या बसल्या. पापडाचा डबा राहिला म्हणून पुन्हा उठल्या. पुन्हा पोट टेबलाला लागलं.

“अगं, तुला जाता येत नाही,” काका म्हणाले. “सापडलीस तू.”

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. हाताशी ओटा नव्हता, डाव नव्हता, पातेलं टेबलाच्या पार पलीकडे होतं. हातांचं काय करावं ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

“पहिलं ताट कुणाचं?” सुनेनं विचारलं.

“तिचं,” काका म्हणाले आणि डाव स्वतःच्या हातात घेतला. त्यांनी आयुष्यात ताट वाढलं नव्हतं. भात त्यांनी ढिगानं घातला, निम्मा रस्सा भातावर न पडता टेबलावर गेला, मीठ ताटाबाहेर पडलं. “मीठ डावीकडे वाढतात,” आक्का म्हणाल्या. “कुणाच्या डावीकडे?” काकांनी विचारलं. ते ताट मुलाच्या हातातून जावयाच्या हातात, जावयाच्या हातातून नातीच्या हातात, असं टेबलाच्या लांबीभर सरकत काकूंसमोर पोचलं. त्यातून वाफ निघत होती.

सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत काकूंनी हात लावला नाही. मग लेक म्हणाली, “आई, घे ना.” काकूंनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबल्या.

“काय झालं?” काकांनी विचारलं. “रस्सा बिघडलाय का?”

“नाही.” काकूंनी अजून एक घास घेतला. “चमच्यानं चव बघते मी रोज. पण असा भरपूर, गरम...” त्यांनी रस्सा भातात कालवला. “चांगला होतो हो माझा रस्सा.”

लेकीनं मान खाली घातली. जावईबापू उगीचच लिंबू पिळत राहिले. मग नातवानं वकीलसाहेबांना विचारलं, “आजोबा, तुम्ही पण जेवता?” आणि वकीलसाहेब वहिवाट विसरून कोट सावरत पायरीवर बसले. सेक्रेटरी जास्तीची प्रत घेऊन आले, त्यांच्या हातात वाटी देण्यात आली. प्रतीवर वाटी ठेवून तेही कठड्याला टेकले. खिडकीतून बोचरा वारा येत होता, सगळ्यांच्या अंगात स्वेटर होते, आणि काकू मधोमध बसून सगळ्यांकडे बघत बघत जेवत होत्या. कुणाच्या ताटात काय संपलं ते त्यांना दिसत होतं, आणि काही करता येत नव्हतं. हळूहळू त्यांनी बघायचंही सोडून दिलं.

इतक्यात खालून पावलं वाजली. हमाल जेवून, पहार घेऊन, ताजेतवाने होऊन आले होते.

“हां, काका,” म्होरक्या हाताला माती चोळत म्हणाला, “आता बघा, एका झटक्यात मोकळं करतो. मावशी, जरा उठता का? वाट मोकळी होईल, तुम्हाला वर जाता येईल.”

सगळे काकूंकडे बघू लागले. काकांचा हात डावावरच राहिला. काकूंनी म्होरक्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या त्या टोकाला डाव धरून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“बसा रे बाबांनो खाली जरा वेळ,” त्या म्हणाल्या. “माझं जेवण चाललंय.”

आणि रिकामं ताट त्यांनी टेबलावरून पुढे सरकवलं. “अहो, भात वाढा. आणि रस्सा यावेळी भातावर.”